एचटीपी पंपाचं इंजिन बदलताय? आधी पेट्रोलची नळी नीट जोडा



अवजार विभागाकडून आजचा संदेश. थोडा लांब आहे, पण सवडीने पूर्ण वाचा. ज्यांनी फवारणीच्या एचटीपी पंपावर जुनं इंजिन काढून दुसरं पेट्रोल इंजिन बसवलं आहे किंवा या महिन्यात बसवणार आहेत, त्यांच्यासाठी हा खास आहे.

रेशनचं रॉकेल मिळेनासं झालं तशी पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायची जुनी इंजिनं बाजूला पडली. बऱ्याच जणांनी ट्रॉली, पंप, पट्टा, पुली सगळं जुनंच ठेवून वर ५ ते ७ एचपीचं पेट्रोल इंजिन चढवलं. काहींनी पॉवर वीडरचं इंजिन काढून बसवलं. हे काम वाईट नाही, पैसे वाचतात. मिस्त्री फाउंडेशनचे बोल्ट नीट आवळतो, पुलीची लाइन दोरी लावून बघतो. आणि शेवटी संध्याकाळ झाली की हाताला लागेल ती नळी घेऊन टाकी कार्बोरेटरला जोडून देतो. घोटाळा तिथेच होतो.

गेल्या हंगामात आपल्याच एका सभासदाच्या द्राक्षबागेत हे झालं. नाव सांगत नाही, पण त्यांनीच सांगितलं की बाकीच्यांना कळवा. ढगाळ हवा होती, डावणीची भीती होती, म्हणून पहाटेच फवारणी सुरू केली. इंजिनाला गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी जोडलेली होती. दोन महिन्यांत ती कडक झाली होती. हादऱ्याने फिल्टरवरून निसटली आणि पेट्रोल थेट गरम सायलेन्सरवर. हात भाजला, इंजिन गेलं, आणि अर्धी बाग फवारायची राहिली. इंजिनाच्या किमतीपुढे चांगल्या नळीची किंमत काहीच नव्हती.

*सगळ्यात आधी: नवीन इंजिनाची स्वतःची टाकी असेल तर तीच वापरा*

कंपनीने टाकी इंजिनाच्या वर बसवलेली असते. उंची, नळी, कॉक सगळं मोजून केलेलं असतं. "जुनी टाकी मोठी आहे, सारखं पेट्रोल भरायला नको" म्हणून ती काढू नका. अशा इंजिनाला तासाला साधारण दीड लिटर पेट्रोल लागतं. तीन लिटरची टाकी दोन तास चालते. तेवढ्यात औषधाची टाकीही संपते. दोन्ही एकदम भरा. पण पेट्रोल भरताना इंजिन बंद करून दहा मिनिटं थंड होऊ द्या.

टाकी नसलेलं इंजिन घेतलं असेल किंवा टाकी फुटली असेल, तरच पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

*१. पेट्रोल उतारानेच गेलं पाहिजे*

या इंजिनांना पेट्रोलचा पंप नसतो. टाकी वर, कार्बोरेटर खाली, आणि पेट्रोल आपल्या वजनाने उतरतं. पाटाचं पाणी जसं उताराने जातं तसंच. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत एक फ्लोट असतो. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि सुई पेट्रोलचं भोक बंद करते. घरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक बघितला असेल, अगदी तोच प्रकार.

म्हणून टाकीचा *तळ* कार्बोरेटरच्या नळीच्या तोंडापेक्षा किमान एक वीत वर असू द्या. टाकी भरलेली असताना इंजिन चालतं आणि पाव टाकीवर आलं की बंद पडतं, अशी तक्रार बऱ्याचदा येते. कारण हेच, तळ खाली आहे. बागेत चढ-उतार असतो, ट्रॉली तिरकी होते. तेव्हाही तळ वरच राहिला पाहिजे.

फार उंचही नको. हातभर उंची पुरे. काही जण ट्रॅक्टरच्या छतावर कॅन बांधून नळी सोडतात. जितकी उंची जास्त तितका सुईवर दाब जास्त. सुई थोडी जरी झिजलेली असली तरी पेट्रोल वाटीतून वाहून इंजिनात शिरतं.

*पेट्रोलचा पंप लावायचा मोह टाळा.* एक मीटर उंचीवरच्या टाकीचा दाब साधारण एक पीएसआय भरतो. भंगारातून आणलेला बीएस-६ मोटारसायकलचा इंजेक्शन पंप चाळीसेक पीएसआय दाब देतो. कार्बोरेटरची बारीक सुई तो दाब अडवूच शकत नाही. पेट्रोल एअर फिल्टरमधून बाहेर येईल.

*ब्रश कटरचं छोटं इंजिन वापरत असाल तर थांबा.* त्याच्या कार्बोरेटरला बहुतेक वेळा फ्लोटची वाटी नसते, आत पातळ पडदा असतो आणि तो खालच्या टाकीतून पेट्रोल ओढतो. त्याला दोन नळ्या असतात, एक जाणारी, एक परत येणारी. त्याला वरून टाकी जोडू नका. त्याची मूळ टाकीच वापरा.

*२. नळी कोणती घ्यायची*

चालणार नाही अशी यादी आधी:

- पारदर्शक लेव्हल नळी
- ठिबकची मायक्रो ट्यूब किंवा लॅटरल
- फवारणीच्या होजचा तुकडा
- गॅस शेगडीची नळी
- फ्रिज दुरुस्तीतली तांब्याची नळी

पहिल्या चारही पेट्रोलसाठी बनवलेल्याच नाहीत. काही फुगतात, काही आखडून कडक होतात, काहींचे आतून पापुद्रे सुटतात आणि कार्बोरेटरच्या जेटमध्ये अडकतात. तांब्याची नळी पेट्रोल खराब करते, चिकट गाळ धरतो. शिवाय सतत हादरे बसून तांबं कडक होतं आणि जोडाशी चिरतं.

आता पेट्रोल पंपावर ई-२० पेट्रोल येतं, म्हणजे शंभरात वीस भाग इथेनॉल. इथेनॉल आपल्याच उसाचं, धान्याचं, त्याच्याशी भांडण नाही. पण जुन्या पद्धतीच्या रबराला ते सोसत नाही. जुनी नळी हाताने दाबून बघा. चिकट लागली, फुगली किंवा वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर काढून टाका.

दुकानात "कार्बोरेटरची फ्युएल होज, ई-२० चालणारी" असं मागा. चांगल्या नळीच्या अंगावर इंग्रजीत एसएई जे३० आर७ किंवा आर९ असं छापलेलं असतं. आर७ आपल्या कामाला पुरते. काहीच छापलेलं नसेल तर घेऊ नका.

माप *आतल्या* व्यासाचं धरतात. या इंजिनांना साधारण साडेचार ते सहा मि.मी.ची नळी लागते. अंदाजाने घेऊ नका. कार्बोरेटरचं आणि कॉकचं निप्पल मोजा किंवा जुना तुकडा सोबत न्या. नळी निप्पलवर थोडा जोर लावून चढली पाहिजे. सैल बसली आणि क्लिप आवळून भागवलं, तर ती आज ना उद्या गळणारच. दोन्हीकडची निप्पल वेगळ्या मापाची असतील तर पितळी रिड्यूसर जॉइनर मिळतो, तो वापरा. ठिबकचा प्लॅस्टिक जॉइनर नको.

*३. क्रम: टाकी, कॉक, फिल्टर, कार्बोरेटर*

*कॉक* टाकीच्या तळाशी, आणि सायलेन्सरच्या *विरुद्ध* बाजूला ठेवा. पेट घेतला तर आगीवरून हात न नेता कॉक बंद करता आला पाहिजे. जुन्या मशीनवर पेट्रोल-रॉकेलचा तीन तोंडांचा कॉक असेल तर तो पूर्ण काढा. एक तोंड बुच मारून ठेवलं, तर ते बुच कधी ढिलं होईल सांगता येत नाही. रॉकेलची टाकी वापरणार असाल तर ती पेट्रोलने दोनदा खळबळून पूर्ण कोरडी करा. हे काम उघड्यावर करा, घाण पेट्रोल पाटात किंवा विहिरीजवळ ओतू नका. रॉकेल मिसळलेल्या पेट्रोलवर इंजिन धूर करतं आणि ठोकतं.

जस्ताचा मुलामा असलेली जीआय पत्र्याची टाकी करून घेऊ नका. इथेनॉलने मुलामा सुटतो आणि पांढरा गाळ फिल्टरमध्ये येतो.

*फिल्टर* लहान आणि उताराच्या पेट्रोलवर चालणारा घ्या. चारचाकीचा मोठा फिल्टर पंपाच्या दाबावर चालायला बनवलेला असतो. आपल्याकडे दाबच नाही, त्यामुळे पेट्रोल रेंगाळतं. फिल्टरवर बाण असतो, तो कार्बोरेटरकडे करा. प्लॅस्टिकचा फिल्टर सायलेन्सरच्या धगीत येणार नाही असा ठेवा.

*४. जोडायची पद्धत*

नळी नव्या ब्लेडने सरळ कापा. पकडीने किंवा विळ्याने कापली तर तोंड तिरकं होतं आणि रबराचे कण आत राहतात. कापल्यावर फुंकर मारून साफ करा.

निप्पलच्या टोकाशी एक फुगीर कडा असते. नळी ती कडा ओलांडून पुढे दीड ते दोन सें.मी. चढवा. क्लिप त्या कडेच्या *मागे* बसवा. कडेवरच क्लिप बसली तर पकड मिळत नाही. नळी चढत नसेल तर पेट्रोलचा एक थेंब लावा, ग्रीस लावू नका.

क्लिप बारीक नळीची, म्हणजे स्प्रिंगची किंवा गोल पट्टीची घ्या. पाण्याच्या होजला लावतात ती चिरा असलेली रुंद क्लिप बारीक नळीला कापते. बाइंडिंगची तार, सुतळी, प्लॅस्टिकची लॉक पट्टी यांतलं काहीच नको. तार रबरात रुतते आणि तिथूनच नळी फाटते.

रबरी नळीच्या निप्पलवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. त्याचे धागे सुटून कार्बोरेटरच्या सुईखाली अडकतात आणि मग पेट्रोल थांबत नाही. आट्यांच्या जोडाला पेट्रोल सोसणारं सीलंट लावा, तेही पहिली आटी मोकळी सोडून.

*५. नळी कुठून न्यायची*

- टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत सतत उतार. मध्ये नळी खाली झोल खाऊन परत वर चढली, तर त्या कमानीत हवा अडकते. ऊन वाढलं की पेट्रोलची वाफही तिथेच साठते. सकाळी चालतं आणि दुपारी बंद पडतं, याचं कारण बहुतेक हेच.
- सायलेन्सरपासून किमान एक वीत लांब. सायलेन्सरच्या *वरून* नळी कधीच नेऊ नका. बाजूने चार बोटं लांब फिरवावी लागली तरी चालेल.
- स्पार्क प्लगच्या वायरला नळी चिकटू देऊ नका.
- पट्टा आणि पुलीपासून लांब ठेवा.
- टाकी फ्रेमवर आणि इंजिन रबरी बुशवर असेल तर इंजिन हलतं, टाकी हलत नाही. नळी ताणून लावू नका, थोडी ढील द्या. पण ढील म्हणजे झोल नव्हे.
- पत्र्याच्या भोकातून नळी जात असेल तर भोकाला रबरी ग्रोमेट बसवा. पत्र्याची धार एका हंगामात नळी कापते.

*६. टाकीच्या झाकणाचं भोक*

टाकीतून पेट्रोल खाली जातं तेव्हा वरून तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. झाकण हरवलं म्हणून पॉलिथिन बांधलं, किंवा भोकात औषधाची पावडर आणि धूळ बसली, तर दहा-पंधरा मिनिटांत इंजिन गुदमरतं. झाकण उघडलं की सुस्स आवाज येतो आणि इंजिन परत चालतं. असं झालं तर कार्बोरेटर खोलायची गरज नाही, भोक साफ करा.

पण पाऊस आत जाईल असं उघडं झाकणही नको. ई-२० पेट्रोलमध्ये पाणी शिरलं की इथेनॉल पाण्याला धरून तळाशी बसतं. आणि कॉक तळाशीच असतो. मग इंजिन सुरूच होत नाही.

*७. चालू करण्याआधी तीन तपासण्या*

*पहिली, गळती.* इंजिन थंड, टाकी अर्धी भरलेली. कॉक उघडा आणि पंधरा मिनिटं तसंच ठेवा. मग प्रत्येक जोडाला कोरडं पांढरं फडकं लावून बघा, वास घ्या. पेट्रोल लगेच उडून जातं, त्यामुळे थेंब दिसला नाही म्हणजे गळत नाही असं समजू नका.

*दुसरी, धार.* कार्बोरेटरकडचं टोक काढून मोजमापाच्या भांड्यात सोडा. औषधाचं माप चालेल, पण ते धुऊन कोरडं केलेलं हवं. टाकीत *थोडंच* पेट्रोल असताना बघा. एका मिनिटात किमान १०० मि.ली. आलं पाहिजे. तासाला दीड लिटर म्हणजे मिनिटाला २५ मि.ली. लागतं, त्याच्या चौपट धार असली की काळजी नाही. कमी येत असेल तर झाकण उघडून परत मोजा. वाढलं तर झाकणाचं भोक बंद आहे. नाही वाढलं तर फिल्टर काढून मोजा. तरीही नाही वाढलं तर कॉकची जाळी साफ करा.

*तिसरी, ऑइल.* कॉक रात्रभर उघडा राहिला असेल तर आधी ऑइलची पट्टी बघा. ऑइल वाढलेलं दिसलं आणि पेट्रोलचा वास आला, तर सुईतून पेट्रोल खाली उतरलं आहे. तसंच चालू करू नका. ऑइल बदला, सुई तपासा.

ही सगळी कामं उघड्यावर, दिवसा करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली बसते आणि खड्ड्यात साठते. विहिरीच्या खोलीत किंवा बंद शेडमध्ये नळी जोडायचं काम करू नका, आणि अशा जागी इंजिन तर चालवूच नका. त्याचा धूर जीव घेतो. जवळ बिडी, काडेपेटी, चालू मोबाइल टॉर्च काहीच नको.

*पेट घेतला तर*

हात पोहोचत असेल तरच कॉक बंद करा. माती, वाळू किंवा ओलं पोतं टाका. *पाणी मारू नका.* शेजारीच औषधाच्या पाण्याची मोठी टाकी असते आणि हात पहिला तिकडेच जातो. पण पाण्यावर पेट्रोल तरंगतं आणि आग पसरते. पावडरचा छोटा अग्निशामक ट्रॉलीवर बांधून ठेवा. आग टाकीपर्यंत गेली तर मशीन सोडून द्या आणि लांब व्हा. मशीन परत घेता येतं.

*हंगाम संपल्यावर*

कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालू द्या. वाटीतलं पेट्रोल संपतं, गाळ धरत नाही. टाकीही रिकामी करून ठेवा. पुढच्या हंगामात सुरू करण्याआधी नळी वाकवून बघा. दर दोन वर्षांनी नळी आणि क्लिपा बदला, दिसायला चांगल्या असल्या तरी.

ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांची घाई सुरू होते, तेव्हा कोणालाच थांबायला वेळ नसतो. आत्ता एक तास काढा. तुमच्या मशीनच्या टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या नळीचा फोटो काढून गटावर टाका. नळी, क्लिप, उतार आणि सायलेन्सरपासूनचं अंतर दिसेल असा काढा. अवजार विभाग बघून काय बदलायचं ते सांगेल. लाजू नका, लेव्हल नळी अजून बऱ्याच मशीनवर आहे.

आणि हा संदेश तुमच्या मिस्त्रीलाही पाठवा.

आपला,
अवजार विभाग